सहभागातून ज्ञाननिर्मिती : विद्यापीठीय संशोधनातील स्त्रीवादी दृष्टी

जनगणनेसाठी अथवा एखाद्या पाहणीसाठी घरी आलेल्या प्रगणकाने गृहिणीस "आपण काय काम करता?" असे विचारले असता "काही नाही, घरीच असते" असे उत्तर मिळावे, हा देशाच्या सर्वच भागांत येणारा अनुभव आहे. हे उत्तर देणारी स्त्री पहाटेपासून पाणी भरते, गुरांचे शेण काढते, शेतात निंदणी करते, मुलांना व वृद्धांना सांभाळते. तिचे उत्तर खोटे नसते. 'काम' या शब्दाचा जो अर्थ तिच्या व प्रगणकाच्या मनात रुजलेला असतो, त्या अर्थाने ते खरेच असते. परंतु त्या एका उत्तरामुळे तिचे श्रम राष्ट्राच्या आकडेवारीतून नाहीसे होतात आणि आकडेवारीत जे नाही ते नियोजनातही येत नाही.

हाच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला तर काय घडते, हे वेळ-वापर पाहण्यांनी दाखवून दिले आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने जानेवारी ते डिसेंबर २०१९ या काळात केलेल्या पाहणीत लोकांना त्यांचा व्यवसाय न विचारता मागील चोवीस तासांचा हिशेब विचारण्यात आला. सहा वर्षे व त्यावरील वयाच्या ज्या स्त्रिया विनामोबदला घरकाम करीत होत्या, त्या त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या. असे काम करणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत हे प्रमाण ९७ मिनिटे होते. प्रश्न बदलला आणि जवळजवळ पाच तासांचे श्रम दृष्टीस पडले. १९९१ च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नात 'शेतावरील अथवा कौटुंबिक उद्योगातील विनावेतन काम' यांचा स्पष्ट उल्लेख करण्यात आला, त्यामागेही हेच कारण होते आणि त्यासाठी स्त्री संघटना व अभ्यासकांना पाठपुरावा करावा लागला होता.

प्रश्न कोण विचारतो, कोणाला विचारतो व कोणत्या शब्दांत विचारतो, यावर काय सापडेल हे बऱ्याच अंशी ठरते. स्त्रीवादी संशोधनपद्धतीचा पाया या साध्या निरीक्षणात आहे. गेल्या पाच दशकांत भारतातील विद्यापीठांत आणि विद्यापीठांबाहेरही या दृष्टीतून सहभागी व सर्जनशील संशोधनाचे जे प्रयोग झाले, त्यांचे स्वरूप, महत्त्व व मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनेची पार्श्वभूमी

सामाजिक शास्त्रांच्या पारंपरिक पद्धतीत संशोधक आणि संशोधनाचा विषय असलेली व्यक्ती यांच्यात अंतर राखणे हे वस्तुनिष्ठतेचे लक्षण मानले जाई. मुलाखत घेणाऱ्याने प्रश्न विचारावेत, स्वतः काहीही सांगू नये, अशी शिकवण पाठ्यपुस्तके देत असत. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ॲन ओकली यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात या संकेताला आव्हान दिले. मातृत्वाच्या उंबरठ्यावरील स्त्रियांच्या मुलाखती घेत असताना त्या स्त्रिया उलट प्रश्न विचारीत. अशा वेळी गप्प राहणे हे अमानवी तर होतेच, शिवाय संशोधनाच्या दृष्टीनेही निरुपयोगी होते. विश्वासाचे नाते निर्माण झाल्याशिवाय खरी माहिती मिळत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

याच दशकात अमेरिकेतील विदुषींनी या विचाराला तात्त्विक बैठक दिली. सँड्रा हार्डिंग यांनी स्त्रीवादी भूमिदृष्टीची मांडणी केली. समाजरचनेत जे खालच्या स्थानी असतात त्यांना वरच्या स्थानावरील लोकांना न दिसणाऱ्या गोष्टी दिसू शकतात, म्हणून संशोधनाचा आरंभ त्यांच्या जीवनानुभवापासून केल्यास वस्तुनिष्ठता अधिक बळकट होते, असे हे मत आहे. डोना हॅरावे यांनी १९८८ मध्ये स्थानसापेक्ष ज्ञानाची कल्पना मांडली. कोणतेही ज्ञान कोठून तरी पाहिलेले असते. आपण कोठून पाहत आहोत हे सांगणारा अभ्यासक ते लपविणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतो, हा तिचा आशय होय.

या मांडणीचा अर्थ 'सत्य सर्वांचे वेगवेगळे असते' असा घेणे योग्य ठरणार नाही. वेळ-वापर पाहणीतील मिनिटे मोजलेली आहेत. ती कोणाच्या मतावर अवलंबून नाहीत. काय मोजावयाचे याचा निर्णय मात्र माणसे घेतात आणि त्या निर्णयात स्त्रियांना स्थान असावे, एवढाच या भूमिकेचा आग्रह आहे.

भारतातील संस्थात्मक वाटचाल

भारतात स्त्री-अभ्यासाचा उदय एका शासकीय अहवालाशी निगडित आहे, ही बाब विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. केंद्र सरकारने १९७१ मध्ये नेमलेल्या स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीने 'समानतेकडे' या अर्थाच्या शीर्षकाचा आपला अहवाल १९७४ च्या अखेरीस सादर केला. डॉ. फुलरेणू गुहा या समितीच्या अध्यक्षा, तर डॉ. वीणा मजुमदार सदस्य-सचिव होत्या. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १९०१ मधील ९७२ वरून १९७१ मध्ये ९३० पर्यंत घसरल्याचे या अहवालाने ठळकपणे देशासमोर आणले. विकासाबरोबर स्त्रियांची स्थिती आपोआप सुधारत जाईल, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. समाजाच्या अर्ध्या भागाचे वास्तव आपल्या ज्ञानशाखांना माहीतच नव्हते, याची जाणीव विद्यापीठांतील अनेक अभ्यासकांना या निमित्ताने झाली.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात डॉ. नीरा देसाई यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये स्त्री-अभ्यासाचा देशातील पहिला संशोधन विभाग सुरू झाला. १९८० मध्ये दिल्लीत महिला विकास अध्ययन केंद्राची स्थापना झाली. एप्रिल १९८१ मध्ये मुंबईत स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि त्यातून पुढील वर्षी भारतीय स्त्री-अभ्यास संघटना आकारास आली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षण हे स्त्रियांच्या दर्जात मूलभूत बदल घडविण्याचे साधन मानले व स्त्री-अभ्यासास उत्तेजन दिले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साहाय्याने विद्यापीठांत स्त्री-अभ्यास केंद्रे उभी राहू लागली. पुणे विद्यापीठातील क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री-अभ्यास केंद्र १९८७ मध्ये, तर कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील स्त्री-अभ्यास विभाग १९८८ मध्ये सुरू झाला.

ही केंद्रे चळवळीच्या प्रेरणेतून जन्मास आली असल्यामुळे ज्यांच्याविषयी संशोधन करावयाचे, त्यांच्याबरोबर ते कसे करावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे आरंभापासूनच होता.

प्रश्न ठरविण्याचा अधिकार

सहभागी कृतिसंशोधनात समस्या निश्चित करणे, माहिती गोळा करणे, तिचा अर्थ लावणे आणि त्यानुसार कृती करणे या चारही टप्प्यांत संबंधित लोकांचा वाटा असतो. पश्चिम बंगालमधील बांकुडा जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. दरवर्षी हंगामी मजुरीसाठी स्थलांतर करणाऱ्या स्त्रियांचे एक शिबिर १९८० मध्ये तेथील झिलिमिली येथे भरले होते. अभ्यासक तेथे स्त्रियांच्या समस्या ऐकण्यासाठी गेल्या होत्या. जंगल नाहीसे झाले, गावात काम उरले नाही, म्हणून आम्हांला बाहेर जावे लागते. गावातच काम मिळावे, असे त्या स्त्रियांनी ठामपणे मांडले. पुढे दिल्लीच्या महिला विकास अध्ययन केंद्राच्या सहकार्याने तेथे ग्रामीण श्रमिक स्त्रियांच्या समित्या स्थापन झाल्या, पडीक जमिनीवर अर्जुन वृक्षांची लागवड झाली आणि टसर रेशमाच्या किड्यांचे संगोपन सुरू झाले. समस्येचे निदान व उपाय यांची दिशा प्रथम त्या स्त्रियांनी दाखविली, संशोधक त्यांच्यामागून गेल्या, हे येथे महत्त्वाचे आहे.

राजस्थानातील एक प्रयोग याहूनही अधिक बोलका आहे. १९८४ मध्ये सुरू झालेल्या महिला विकास कार्यक्रमातील आरोग्यविषयक कार्यशाळांत ग्रामीण स्त्रियांनी आपल्या शरीराविषयी जाणून घेण्याची इच्छा व्यक्त केली. त्यातून 'शरीर की जानकारी' हे पुस्तक तयार झाले. दिल्लीच्या 'काली फॉर विमेन' या प्रकाशनसंस्थेने ते १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या लेखिका म्हणून पंचाहत्तर ग्रामीण स्त्रियांचा उल्लेख आहे. प्रारंभीच्या मसुद्यातील विवस्त्र आकृत्या गावात दाखविल्या असता लोकांनी आक्षेप घेतला. गावात कोणी अशा प्रकारे दिसतच नाही, मग हे चित्र खरे कसे, असा त्यांचा सवाल होता. तेव्हा स्त्रियांनी संपूर्ण पोशाखातील स्त्रीचे चित्र काढले आणि त्यावरील कागदी घागरा वर उचलला असता आतील अवयवांची रचना दिसावी, अशी योजना केली. शरीरशास्त्राची माहिती तशीच राहिली आणि गावाची मर्यादाही सांभाळली गेली. हा मार्ग वाचकांच्या जीवनाची माहिती असलेल्या लेखिकांना सुचला. सर्जनशीलता ही संशोधनाची सजावट नसून तिच्यामुळे ज्ञान लोकांपर्यंत पोहोचू शकते, याचा हा उत्तम नमुना होय.

मौखिक इतिहास : दप्तरात नसलेल्या नोंदी

इतिहासलेखनात लिखित कागदपत्रांना प्रमाण मानले जाते. परंतु ज्यांना लिहिता येत नव्हते किंवा ज्यांचे लिहिलेले कोणी जपून ठेवले नाही, त्यांचा इतिहास दप्तरात सापडत नाही. अशा वेळी मौखिक इतिहास हे महत्त्वाचे साधन ठरते. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने १९४६ ते १९५१ या काळातील तेलंगणच्या सशस्त्र लढ्यात सहभागी झालेल्या स्त्रियांच्या आठवणी सामूहिकपणे संकलित केल्या. हे तेलुगू पुस्तक १९८६ मध्ये व त्याची इंग्रजी आवृत्ती १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. लढ्याच्या अधिकृत वृत्तान्तांत ज्यांचा उल्लेख साहाय्यक म्हणून येई, त्या स्त्रियांनी निरोप पोहोचविणे, भूमिगतांना आश्रय देणे, शस्त्र हाती घेणे अशी कामे केली होती आणि लढा संपताच त्यांना पुन्हा घराकडे वळावे लागले होते. या दुसऱ्या गोष्टीची वेदना कोणत्याही दप्तरात नोंदलेली नव्हती.

मराठीत ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी विद्यापीठाच्या चौकटीबाहेर राहून असेच मोलाचे कार्य केले. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना त्यांनी शोधून काढले, त्यांच्या मुलाखती घेतल्या व १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. १९२७ चा महाडचा सत्याग्रह, जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेली दलित वर्गातील स्त्रियांची परिषद अशा घटनांतील स्त्रियांचा सहभाग या ग्रंथामुळे अभ्यासकांसमोर आला. वंदना सोनाळकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आज हा ग्रंथ स्त्री-अभ्यासातील महत्त्वाचा आधारग्रंथ मानला जातो. ज्ञान विद्यापीठातून समाजाकडे जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. येथे त्याचा प्रवास उलट दिशेने झाला.

अशा नोंदी जतन करण्यासाठी १९८८ मध्ये मुंबईत 'स्पॅरो' हे ध्वनी व चित्रांचे संग्रहालय स्थापन झाले. लेखिका सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई व मैत्रेयी कृष्णराज या त्याच्या संस्थापिका होत. मुलाखती, छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे ही संशोधनाची अस्सल साधने आहेत, ही भूमिका त्यामागे होती.

'संगतिन यात्रा' : सहलेखनाचा प्रयोग

उत्तर प्रदेशातील सीतापूर जिल्ह्यात झालेला प्रयोग सहभागी संशोधनाच्या चर्चेत जगभर उल्लेखिला जातो. गावपातळीवर स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या सात कार्यकर्त्या, त्यांच्या सहकारी रिचा सिंह आणि अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या रिचा नागर अशा नऊ जणींनी मिळून २००४ मध्ये 'संगतिन यात्रा' हे हिंदी पुस्तक प्रसिद्ध केले. अवधी बोलीत 'संगतिन' म्हणजे सुखदुःखाची सोबतीण. सातही जणींनी आपले बालपण, विवाह, मातृत्व, दारिद्र्य व काम यांविषयी रोजनिशी लिहिली. ती एकमेकींना वाचून दाखविली आणि त्यावर दीर्घकाळ चर्चा केली.

या सात जणी सवर्ण, दलित व मुस्लिम अशा भिन्न सामाजिक स्तरांतील होत्या. त्यामुळे रोजनिशीच्या वाचनात केवळ समान दुःखाचे धागे सापडले नाहीत; कोणाच्या घरी कोण पाणी पीत नाही, भुकेचा अनुभव कोणाला आहे व कोणाला नाही, असे अडचणीचे प्रश्नही उभे राहिले. पुस्तकात 'आम्ही' हा एकत्रित आवाज आहे. परंतु त्यातील भेद झाकलेले नाहीत. स्त्रियांच्या सबलीकरणासाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी क्षेत्रातही प्रतिष्ठा व निर्णय यांची उतरंड असते आणि गावात प्रत्यक्ष काम करणारी कार्यकर्ती तिच्या तळाशी असते, हे त्यांनी निर्भीडपणे लिहिले. त्याबद्दल त्यांना तीव्र टीकेस तोंड द्यावे लागले. विद्यापीठातील लेखिकेपेक्षा गावातील लेखिकांनी अधिक धोका पत्करला होता, ही बाब सहसंशोधनाचा विचार करताना विसरता येणार नाही. २००६ मध्ये पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती निघाली. तेथे लेखकपदावर 'संगतिन लेखक' हे सामूहिक नाव आले. यातूनच पुढे शेतकरी व मजुरांची संघटना उभी राहून पाटाचे पाणी, रोजगार हमीचे काम अशा प्रश्नांना तिने हात घातला.

नकाशा, छायाचित्र आणि शहर

सहभागी पद्धती ग्रामीण भागापुरतीच मर्यादित नाही. मुंबईत २००३ ते २००६ या काळात झालेल्या एका प्रकल्पात समाजशास्त्रज्ञ शिल्पा फडके, पत्रकार समीरा खान व वास्तुविशारद शिल्पा रानडे या तिघींनी सार्वजनिक जागांतील स्त्रियांच्या वावराचा अभ्यास केला. मुलाखतींबरोबर रस्ते, स्थानके व उद्याने यांचे नकाशे, छायाचित्रे आणि विद्यार्थ्यांसाठी अभ्यासवर्ग यांचाही त्यांनी उपयोग केला. या अभ्यासावर आधारित त्यांचे इंग्रजी पुस्तक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. शहरात स्त्रीला बाहेर पडण्यास मज्जाव नसतो, परंतु आपण काही कामासाठी बाहेर पडलो आहोत हे तिला सतत दाखवावे लागते. पुरुषाप्रमाणे निवांत उभे राहण्याचा अधिकार तिला नसतो, हा त्यांचा प्रमुख निष्कर्ष होता. सार्वजनिक स्वच्छतागृहांची रचना व रस्त्यावरील दिवे हे नगरनियोजनाचे विषय म्हणूनच स्त्री-अभ्यासाचेही विषय ठरतात.

छायाचित्रांचा पद्धतशीर उपयोग करणाऱ्या संशोधनपद्धतीचा आरंभ १९९० च्या दशकात चीनमधील युन्नान प्रांतात झाला. कॅरोलाइन वांग व मेरी ॲन बरिस यांनी तेथील ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे दिले. स्त्रियांनी आपल्या दैनंदिन जीवनाची छायाचित्रे टिपली, त्यांवर एकत्र बसून चर्चा केली व ती धोरण ठरविणाऱ्यांपुढे मांडली. बालसंगोपन, सुईणींचे प्रशिक्षण, मुलींचे शिक्षण अशा गरजा त्यातून पुढे आल्या. लिहिता न येणारी व्यक्तीही पुरावा गोळा करू शकते, हे या पद्धतीचे बलस्थान होय. छायाचित्रात दिसणाऱ्या व्यक्तीची संमती, तिची सुरक्षितता आणि चित्राची मालकी हे प्रश्न मात्र येथे अधिक काटेकोरपणे हाताळावे लागतात.

सहभागातील विषमता

'सहभाग' हा शब्द उच्चारल्याने विषमता नाहीशी होत नाही. स्त्री-अभ्यासातील बहुसंख्य नेतृत्व शहरी व उच्चवर्णीय स्त्रियांकडे राहिले, त्यामुळे 'स्त्रीचा अनुभव' या नावाखाली विशिष्ट स्तरातील स्त्रियांचाच अनुभव पुढे आला, अशी रास्त टीका दलित स्त्रियांनी केली. पुणे विद्यापीठातील प्राध्यापिका शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये लिहिलेल्या एका महत्त्वाच्या लेखात दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची मांडणी करून स्त्री-अभ्यासापुढे हे आव्हान ठेवले. सवर्ण अभ्यासकांनी दलित स्त्रियांच्या वतीने बोलू नये, तसेच 'तो त्यांचा प्रश्न आहे' असे म्हणून बाजूलाही सरू नये. जातिव्यवस्थेतील आपले स्थान तपासून आपली दृष्टी बदलावी, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी मराठीतील दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचा अभ्यास सादर केला. आत्मकथन ही केवळ साहित्यकृती नसून तीत एका समूहाची साक्ष व समाजाचे विश्लेषण असते, हे त्यांनी त्यातून दाखविले.

आत्मचिकित्सा हा स्त्रीवादी संशोधनपद्धतीचा आवश्यक भाग का मानला जातो, हे यावरून स्पष्ट होईल. आपली जात, वर्ग, भाषा व पद यांचा समोरच्या व्यक्तीच्या उत्तरांवर कोणता परिणाम होत आहे, याची नोंद संशोधकाने ठेवणे अपेक्षित असते. ही नोंद म्हणजे कबुलीजबाब नव्हे; भौतिकशास्त्रज्ञ आपल्या उपकरणाची त्रुटी नमूद करतो, त्याच स्वरूपाची ती शिस्त आहे.

विद्यापीठीय व्यवस्थेपुढील प्रश्न

उच्च शिक्षणात स्त्रियांची संख्या वाढत आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये पीएच.डी. साठी नोंदणी केलेल्या स्त्रिया ०.४८ लाख होत्या. २०२१-२२ मध्ये ही संख्या सुमारे ०.९९ लाखांवर पोहोचली. त्या वर्षीची एकूण नोंदणी सुमारे २.१२ लाख होती. संख्येच्या दृष्टीने हे चित्र आशादायक आहे. परंतु संशोधनाचे मूल्यमापन करणारी चौकट सहभागी पद्धतीस कितपत अनुकूल आहे, हा प्रश्न वेगळा आहे.

पीएच.डी. ही पदवी एका व्यक्तीस मिळते आणि प्रबंध हे तिचे स्वतंत्र कार्य असल्याचे प्रतिज्ञापत्र तिला द्यावे लागते. पंचाहत्तर लेखिकांचे पुस्तक या चौकटीत बसत नाही. अध्यापकांच्या निवड व बढतीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये केलेल्या विनियमांत संयुक्त लेखनाच्या गुणांचे सूत्र दिले होते. दोन लेखक असल्यास प्रत्येकास ७० टक्के. दोहोंपेक्षा अधिक असल्यास मुख्य लेखकास ७० टक्के आणि इतर प्रत्येकास ३० टक्के गुण, असे ते सूत्र होते. श्रेय निश्चित करण्यासाठी काही नियम असणे आवश्यकच आहे. तथापि या सूत्रात 'मुख्य' व 'इतर' ही उतरंड गृहीत धरलेली आहे. 'संगतिन यात्रा' सारख्या लेखनात नऊ जणींपैकी मुख्य कोण, हा प्रश्नच त्या कार्याच्या प्रकृतीशी विसंगत ठरतो. शिवाय ज्या सहलेखिका अध्यापक नाहीत, त्यांना अशा गुणांचा कोणताच उपयोग नसतो. त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे असते ते मानधन, पुस्तकावरील नाव आणि आपल्या भाषेत हाती पडणारी प्रत.

वेळ हा दुसरा प्रश्न आहे. विश्वासाचे नाते जुळण्यास वर्षे लागतात, तर अनुदानित प्रकल्पाचा कालावधी अनेकदा त्याहून कमी असतो. नैतिक परीक्षणाची बाबही अशीच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २००० मधील मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात माणसांचा उल्लेख संशोधनाचे 'विषय' या अर्थाने होता; २००६ च्या सुधारित आवृत्तीत त्याजागी 'सहभागी' हा शब्द आला. हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु संमतिपत्रावरील एका सहीने अथवा अंगठ्याने संशोधकाची जबाबदारी संपत नाही. आपण सांगितलेले कोठे छापले जाणार, त्यामुळे गावात वा घरात काय परिणाम होणार आणि नंतर विचार बदलल्यास ते मागे घेता येईल काय, हे सहभागी व्यक्तीस प्रत्येक टप्प्यावर समजले पाहिजे.

सहभागी व सर्जनशील संशोधनात काटेकोरपणा नसतो, असाही आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. लोकांच्या भावना एकत्र गुंफल्या म्हणजे संशोधन होत नाही. एकाच घटनेविषयीच्या अनेक कथनांची परस्परांशी व उपलब्ध कागदपत्रांशी पडताळणी करणे, विसंगती असल्यास ती न लपविणे आणि निष्कर्ष संबंधित समूहासमोर वाचून दाखवून त्यांच्या हरकती नोंदविणे, या कसोट्या येथेही लागू होतात. आपल्याविषयी काढलेल्या निष्कर्षाला संबंधित व्यक्ती प्रत्यक्ष हरकत घेऊ शकते, ही कसोटी तर अनेक प्रचलित पद्धतींहून कठीण आहे.

पुढील दिशा

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षण, भारतीय भाषांतील ज्ञाननिर्मिती आणि समाजाशी निगडित संशोधन यांवर भर दिला आहे. या उद्दिष्टांशी स्त्रीवादी सहभागी संशोधनाचे नाते स्वाभाविक आहे. ते दृढ करण्यासाठी काही उपाय योजता येतील. प्रबंधाबरोबर सामूहिक मुलाखतसंग्रह, नकाशे, चित्रफीत अशी सामग्री परीक्षणयोग्य कार्य म्हणून स्वीकारता येईल. कोणत्या सहकाऱ्याचा कोणता वाटा आहे याचे विवरण प्रबंधात अनिवार्य करता येईल. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात सहभागी स्त्रियांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई, पाळणाघर व प्रादेशिक भाषेतील अहवाल यांसाठी तरतूद असावी. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा होणाऱ्या मुलाखती त्या देणाऱ्या गावांना सहज उपलब्ध व्हाव्यात.

यांपैकी कोणतीही सुधारणा खर्चीक नाही. मात्र ज्ञानाचे श्रेय वाटून घेण्याची तयारी त्यासाठी लागते आणि विद्यापीठांच्या दृष्टीने हीच सर्वांत अवघड गोष्ट आहे.

आरंभी उल्लेखिलेल्या गृहिणीकडे पुन्हा वळल्यास या चर्चेचे प्रयोजन ध्यानात येईल. वेळ-वापर पाहणीने तिची मिनिटे मोजली, ही मोठीच प्रगती होय. परंतु त्या मिनिटांतील कोणती तिला जड वाटतात, कोणती कमी झाल्यास ती काय करील, पाण्याचा नळ आधी हवा की पाळणाघर, हे तिच्याखेरीज कोणी सांगू शकत नाही. तिला हे विचारण्याची आणि तिचे उत्तर तिच्या नावानिशी नोंदविण्याची पद्धत विद्यापीठांनी आत्मसात केली, तर नियोजनाचा आधारच अधिक भक्कम होईल.